शिष्यवृत्ती मिळाली, खोली मिळाली नाही : सयाजीराव, बाबासाहेब आणि 'उपकारा'चा प्रश्न

सुरगाण्यात आम्ही काही मुलं-मुली रविवारी अभ्यासाला एकत्र बसतो. मागच्या महिन्यात एका मुलानं मोबाईल पुढे केला आणि विचारलं, "दादा, याला काय उत्तर द्यायचं?" कुणीतरी पोस्ट टाकली होती. मजकूर थोडक्यात असा, की बडोद्याच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून तुमचे बाबासाहेब शिकले, तेव्हा उपकार विसरू नका. खाली आपल्याच एका कार्यकर्त्यानं रागानं लिहिलं होतं, की राजे-महाराजे सगळे सारखेच शोषक, आम्हाला कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

मित्रांनो, मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. पहिली बाजू इतिहास अर्धा सांगते, दुसरी तो सांगतच नाही. आपण पुरावा मागणाऱ्या परंपरेतले आहोत. म्हणून सयाजीराव गायकवाडांचं आयुष्य आधी नीट पाहू आणि मग उपकाराचा हिशेब मांडू.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीराव आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. सुरगाणा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवर आणि त्यांचं कवळाणे पूर्वेकडे, मालेगाव तालुक्यात. १८६३ साली एका साध्या शेतकरी घरात जन्मलेलं हे पोर, नाव गोपाळ. गायकवाड घराण्याशी नातं होतं, पण लांबचं. बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

१८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून काढलं. रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. गादीला वारस हवा म्हणून खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतलं. 'कशासाठी आलास?' असं विचारल्यावर 'राज्य करायला' असं उत्तर त्यानं दिल्याचं सांगतात. गोष्ट खरी असो नसो, पुढं त्यानं राज्य केलं हे मात्र खरं. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला शिकवलं, तोवर दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार सांभाळला. डिसेंबर १८८१ मध्ये सर्व अधिकार हाती आले आणि १९३९ साली मृत्यू होईपर्यंत सयाजीराव बडोद्याचे महाराज राहिले.

त्याच तिजोरीतून खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करून घेतला होता आणि मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या. सयाजीरावांनीही लक्ष्मीविलास राजवाडा बांधला. ते राजेच होते, भिक्खू नव्हते. पण त्याच तिजोरीतून त्यांनी शाळाही काढल्या. १८८२ च्या सुमारास, म्हणजे अधिकार हाती येताच, अस्पृश्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा सुरू झाल्या. या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक येईनात. मग मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढं आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. हा तपशील लक्षात ठेवा. राजाचा हुकूम आहे, पगार आहे, शाळा आहे, आणि शिक्षक येत नाही. बडोद्यात राजाच्या वरही एक सत्ता होती, तिची ही पहिली खूण.

फुल्यांची मागणी आणि बडोद्याचा कायदा

१८८२ सालीच महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, असा त्याचा गाभा. इंग्रज सरकारनं ते बाजूला ठेवलं. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत यावंच लागे. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड.

पुढं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं. ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. साऱ्या हिंदुस्थानचा महसूल गोळा करणाऱ्या सरकारला जे झेपत नव्हतं, ते त्याचं मांडलिक असलेलं एक संस्थान करून दाखवत होतं. स्वतंत्र भारतात शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला. म्हणजे बडोद्यानंतर शंभर वर्षं.

बाकीची यादीही लहान नाही. गावोगाव वाचनालयं उभारण्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. बालविवाहाला कायद्यानं आळा घातला. १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षा लावणारा कायदा केला. कुणाचा बाप पुरोहित होता म्हणून मुलगा आपोआप पुरोहित नाही, हे तत्त्व त्या काळी कायद्यात आलं. १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. देशभरातल्या हिंदू स्त्रीला तो १९५५ मध्ये मिळाला, आणि मधल्या काळात हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांना मंत्रिपद सोडावं लागलं.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आहे. सुरगाणा, डांग, धरमपूर, वांसदा ही सगळी एकाच डोंगरपट्टीतली. डांगाच्या पलीकडचं सोनगड-व्यारा बडोद्याच्या नवसारी प्रांतात होतं. १८८५ च्या सुमारास सोनगडला आदिवासी मुलांसाठी राहून शिकायची शाळा निघाली. आज आपल्या तालुक्यात आश्रमशाळा आहेत, तिथं जेवून-राहून शिकलेली मुलं हा लेख वाचत असतील. त्या कल्पनेचा एक जुना पूर्वज सोनगडला आहे. पण हेही सांगायला हवं, की सोनगड ही गायकवाडांची पहिली राजधानी होती आणि तो किल्ला त्यांनी भिल्लांकडून घेतलेला होता. ज्यांचा डोंगर घेतला त्यांच्या नातवंडांसाठी दीडशे वर्षांनी शाळा काढली. याला दान म्हणायचं की परतफेड, ते तुम्ही ठरवा.

'थोर' राजा कसा मोजायचा?

राजाचं मोठेपण मोजायची एक साधी पट्टी आहे, ती म्हणजे त्याच्या शाळेच्या दारात कोण उभा राहू शकत होता. ही पट्टी आपल्याच राजांना लावायची असं नाही. आपल्या राजपुत्रांना ज्यांनी शिकवलं त्या इंग्रजांच्या इतिहासातही एक 'थोर' राजा आहे, वेसेक्सचा आल्फ्रेड. ८७१ ते ८९९ हा त्याचा काळ. त्यानं उत्तरेकडच्या डेन आक्रमकांना रोखलं, तटबंदीची गावं वसवली, कायद्याचा ग्रंथ करवला आणि लॅटिनमधली पुस्तकं लोकांच्या बोलीत आणली. स्वतः मोठेपणी लॅटिन शिकला. लोकभाषेत शिक्षण ही कल्पना त्या काळात मोठीच होती.

पण आल्फ्रेडनं शिकवायचं ठरवलं ते कुणाला? स्वतंत्र कुळात जन्मलेल्या आणि शिकण्याची ऐपत असलेल्या तरुणांना. त्याच्या राज्यात गुलाम होते. त्यांची खरेदी-विक्री चाले. त्याच्याच कायद्याच्या ग्रंथात स्वतंत्र माणसांना सणासुदीच्या सुट्या आहेत आणि गुलामांना त्या नाहीत. हजार वर्षांनी, १९०१ मध्ये, साम्राज्याच्या भरभराटीत इंग्रजांनी विंचेस्टरला त्याचा भव्य पुतळा उभारला. त्या पुतळ्यावर तलवार दिसते, गुलाम दिसत नाही. पुतळे असेच असतात. ते राजाबद्दल कमी आणि उभारणाऱ्यांबद्दल जास्त सांगतात.

या पट्टीवर सयाजीराव बरेच पुढे जातात. त्यांच्या शाळेच्या दारात मुलगी उभी राहू शकली, अस्पृश्याचं पोर उभं राहू शकलं, आदिवासी पोर उभं राहू शकलं. सगळी एकाच दारात नव्हती, अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. तरीही हे मोठेपण खरं आहे आणि ते मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

साडेअकरा पौंड

आता त्या पोस्टच्या मुद्द्याकडे येऊ. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांची गाठ सयाजीरावांशी घालून दिली. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव बी.ए. झाले. पुढं अमेरिकेत जाण्यासाठी तीन वर्षांची, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. जून १९१३ मध्ये करार झाला. त्याची अट अशी की शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

इथंच थांबून विचार करा. ज्यात अट असते, मुदत असते, सह्या असतात, त्याला करार म्हणतात. संस्थानाला शिकलेली माणसं हवी होती, त्यासाठी त्यानं पैसे गुंतवले. आणि ते पैसे कुणाचे? महाराजांनी नांगर धरून मिळवलेले नव्हते. ते शेतसाऱ्याचे होते, बडोद्याच्या रयतेचे होते. त्या रयतेत अस्पृश्य होते, भिल्ल-चौधरी-गामीत होते. सयाजीरावांचं श्रेय हे, की रयतेचा पैसा त्यांनी रयतेच्या लेकराकडे वळवला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं आणखी एक गालिचा विणवला असता. हे श्रेय मोठं आहे, आणि त्याचं नाव न्याय आहे. न्यायाला उपकार म्हटलं की घेणारा कायमचा खाली राहतो. त्या पोस्टला नेमकं तेच हवं आहे.

आणि पैसे मिळणाऱ्या प्रत्येकाचा आंबेडकर होत नाही. कोलंबिया विद्यापीठात दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास करणारा, पोट मारून पुस्तकं घेणारा विद्यार्थी कुठल्याही खजिन्यातून विकत मिळत नाही.

सप्टेंबर १९१७

मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब परतले. करार पाळायला सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. पुढं काय झालं ते त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणं शक्य नव्हतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम, रात्री त्या सुनसान इमारतीत एकटे. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी थेट दिवाणांना भेटून विनंती केली होती. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले. संध्याकाळपर्यंत निघून जा, नाहीतर परिणाम भोगा, अशी धमकी दिली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला होता. त्यानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं. त्याचा अर्थ बाबासाहेबांना कळला. संध्याकाळचे तास त्यांनी कमाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

त्या बागेतल्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतो. पण त्या दिवशीचा दुसरा अर्थ आपण पुरेसा सांगत नाही. बडोद्यात राजा सुधारक होता. हिंदुस्थानातला सर्वांत पुढारलेला म्हणावा असा. १९११ च्या दिल्ली दरबारात खुद्द ब्रिटिश सम्राटापुढं पुरेसं वाकला नाही म्हणून ज्याच्यावर गहजब झाला, असा ताठ कण्याचा. त्यानं ज्या तरुणाला जगातल्या उत्तम विद्यापीठात पाठवलं, त्याला स्वतःच्या राजधानीत तो एक खोली देऊ शकला नाही. आठवा, अस्पृश्यांच्या शाळेत शिक्षक आला नव्हता. पस्तीस वर्षांनी त्याच शहरात घरमालक आला नाही.

समाजशास्त्रात आपण राज्यसत्ता आणि समाजसत्ता असा फरक शिकतो. तो पुस्तकात समजत नाही, १९१७ च्या बडोद्यात समजतो. राज्यसत्ता हुकूम काढते. जातसत्ता तो हुकूम शिपायाच्या, कारकुनाच्या, घरमालकाच्या, खाणावळवाल्याच्या हातात पोचला की विझवून टाकते. तिला दरबार लागत नाही, सैन्य लागत नाही. पारशी आणि ख्रिस्ती मित्रसुद्धा तिचं काम फुकट करतात.

सहा महिन्यांनी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. अध्यक्ष सयाजीराव होते. लोकमान्य टिळकांनीही तिथं अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केलं, पण 'मी वैयक्तिक जीवनात अस्पृश्यता पाळणार नाही' या जाहीरनाम्यावर सही केली नाही. बाबासाहेब त्या परिषदेला गेले नाहीत. का जावं त्यांनी? त्यांच्याकडे कमाठी बागेतली ती संध्याकाळ होती.

मर्जीपासून हक्कापर्यंत

त्यानंतर बाबासाहेबांचा रस्ता पाहा. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत घेतली आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. शाहू महाराजांशी त्यांचं नातं जिव्हाळ्याचं होतं. १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखीव ठेवणारा आणि १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून ओळखा असं सांगणारा तो राजा. तरीही बाबासाहेबांनी आपली चळवळ कुठल्याही राजाच्या दारात बांधली नाही. चांगला राजा मरतो. पुढचा कसा निघेल, हे रयतेच्या हातात नसतं.

म्हणून महाडला पाणी मागितलं ते हक्क म्हणून. २ मार्च १९३० ला आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं उभी राहिली ती हक्क म्हणून. त्याच वर्षी लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत सयाजीराव आणि बाबासाहेब एकाच सभागृहात बसले. एकजण संस्थानिकांच्या बाजूनं, दुसरा अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून. शिष्यवृत्ती घेतलेला विद्यार्थी सतरा वर्षांनी देणाऱ्याच्या बरोबरीनं खुर्चीवर होता आणि आपल्या लोकांसाठी राजकीय अधिकार मागत होता. सयाजीरावांच्या दूरदृष्टीचं याहून मोठं फळ दुसरं नाही.

पुढं संविधानात कलम १७ आलं, कलम ४६ आलं. मागासांच्या शिक्षणाची जबाबदारी राजाच्या मर्जीतून काढून राज्याच्या कर्तव्यात आणली गेली. १९४८ मध्ये आमचं सुरगाणा संस्थानही विलीन झालं. देशमुखांच्या रयतेचे आपण नागरिक झालो.

आजची खोली

नागरिक झालो खरे, पण वागणूक कशी मिळते? शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेलं पोर कचेरीच्या दारात उभं असतं तेव्हा ते नागरिकासारखं दिसत नाही, दरबारात आलेल्या फिर्यादीसारखं दिसतं. हप्ता आला की 'सरकारनं दिला', नाही आला की 'थांबा, वरून आलं नाही'. तो अर्ज आजही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो. फक्त टेबलाच्या जागी पोर्टल आलं आहे.

आणि खोली? आपली मुलं बारावीनंतर शहरात जातात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्याला स्वयं योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळण्याची सोय आहे. पैसे घेऊन पोर खोली बघायला जातं. घरमालक नाव विचारतो. मग आडनाव. मग गाव. मग 'तुमच्यात काय खातात?' आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिलेली असते. आमच्या रविवारच्या गटातल्या एका मुलीनं शहरात आडनाव न सांगता तीन महिने काढले. कळल्यावर महिनाअखेर खोली सोडावी लागली. १९१७ मध्ये बाबासाहेबांनी पारशी नाव लावलं होतं. एकशे आठ वर्षांनी या मुलीला अर्धं नाव लपवावं लागलं.

म्हणून मी त्या मुलाला असं उत्तर लिहायला सांगितलं : सयाजीरावांचं मोठेपण आम्ही मान्य करतो, त्यांची जयंतीही साजरी करू. त्यांनी रयतेचा पैसा योग्य जागी लावला. आता तुम्ही सांगा, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, मग खोली कोणी नाकारली? ती नाकारणारे कोण होते, आणि आज ते काम कोण करतं? तुम्हाला सयाजीरावांचा खरोखर अभिमान असेल तर तुमच्या इमारतीतली एक खोली आमच्या मुलीला भाड्यानं द्या. आडनाव न विचारता.

पोस्टवाल्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

आपल्यासाठी काम मात्र स्पष्ट आहे. गावातल्या वाचनालयात सयाजीरावांचं चरित्र ठेवा, फुल्यांच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनाशेजारी. शिष्यवृत्तीचा हप्ता अडला तर हात जोडून उभं राहू नका, अर्जाची पोच घ्या, माहितीचा अधिकार वापरा, पाच जण मिळून जा. शहरात गेलेल्या मुलांच्या खोल्यांची नोंद ठेवा, कुणाला कुठं नकार मिळाला ते लिहून काढा. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलं म्हणूनच आज आपल्याला बडोदा कळतं.

जय भीम! जय संविधान!